वेताळाचे बारसे

काही प्रश्नांची उत्तरे वेळच्या वेळी द्यायची असतात. ती तेव्हा दिली नाहीत की पुढे त्यांचे लेख करावे लागतात. प्रस्तुत लेख त्याच जातीचा असल्याने त्यात थोडा पश्चात्ताप आणि बराचसा हट्ट आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

झाले असे. दोनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पीएच.डी.च्या नोंदणीसाठी आपला आराखडा एका समितीपुढे मांडला. समिती कुठली, याला महत्त्व नाही. अशा समित्या सर्वत्र सारख्याच असतात. विषय होता ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्त्यांची भाषा आणि त्यांचा वाचक. तिने रद्दीवाल्यांकडून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, कुणाकुणाच्या वडिलांच्या ट्रंकेतून पाऊणशे अंक जमवले होते आणि त्यांची हाताने केलेली सूची सोबत आणली होती. एका ज्येष्ठ सदस्यांनी ती सूची दोन बोटांत धरून विचारले, ‘‘हे सगळे ठीक आहे, पण यात वाङ्मय कुठे आहे?’’ दुसरे हसून म्हणाले की लहानपणी आम्हीही वाचायचो हो, पण लहानपणी आपण मातीही खातो. मग चहा आला. मुलीने काहीतरी उत्तर दिले, ते कपबश्यांच्या आवाजात बुडाले.

त्या समितीत मीही होतो. वेताळाचे शंभरएक अंक वाचून वाढलेला, ‘फास्टर फेणे’ची पारायणे केलेला, आजही घरात कुणी नसताना चांदोबाची जुनी बाडे काढून बसणारा मी, त्या दिवशी बशीतले बिस्किट चहात बुडवत गप्प राहिलो. हसणाऱ्यांबरोबर किंचित हसलोही असेन. मुलीने पुढे विषय बदलला. ज्या विषयावरचे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात आधीच एकमेकांना टेकून उभे आहेत, असा एक सुरक्षित विषय तिने घेतला.

त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे.

प्रथम एक खुलासा. मला स्मरणरंजनाचा कंटाळा आहे. ‘आमच्या काळी’ या दोन शब्दांनी सुरू होणारे, गोळ्यांच्या बरण्या, भोवरे, रविवारची सकाळ आणि दूरदर्शनची धून यांची यादी देऊन डोळे पुसणारे मजकूर मोबाइलवर दररोज येतात. ते वाचताना वाटते, की या माणसांना बालपण आठवत नसून बालपणाचे सामान तेवढे आठवते आहे. काय वाचले, ते कसे वाचले, त्याने डोक्यात काय उलथापालथ केली, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. समितीतले ते हसणे आणि हे गहिवरणे, दोन्ही एकाच तऱ्हेचे आहे. दोघांनाही त्या पुस्तकांकडे पुस्तके म्हणून पाहायचे नाही. अलीकडे माझे विद्यार्थी स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘गीक’ म्हणवून घेतात. शब्द परका आहे, पण माणूस ओळखीचा आहे. एखाद्या कल्पित जगाचा नकाशा, वंशावळ, तिथले कायदेकानून ज्याला आपल्या गल्लीपेक्षा अधिक ठाऊक असतात, तो. आपल्याकडे अशांना छांदिष्ट म्हणत. या शहरात असे छांदिष्ट १९८० च्या दशकातही होते. फक्त त्यांना संघटित व्हायला जागा नव्हती. म्हणजे, एक जागा होती.

पैठण गेटकडून गुलमंडीकडे येताना एका बोळात एक टपरी होती. तिच्यात आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी कॉमिक्स लटकवलेली असत. घरी न्यायचे तर चार आणे रोज, तिथेच फळीवर बसून वाचायचे तर दहा पैसे. मालक मितभाषी गृहस्थ होते. अंक फाटू नयेत म्हणून तीन-तीन अंक एकावर एक ठेवून दाभणाने शिवायचे आणि वर जाड पुठ्ठा लावायचे. परिणाम असा की शिवणीत ओळींची पहिली अक्षरे गडप होत आणि सर्वांत बाहेरचे पान, म्हणजे तिसऱ्या गोष्टीचा शेवट, महिनाभरात गळून पडे. शेवट नसलेल्या कथांचा एवढा मोठा साठा मी पुढे कुठल्याही ग्रंथालयात पाहिला नाही. आम्ही मुले फळीवर बसून ते शेवट आपसात ठरवायचो, आणि एकाचा शेवट दुसऱ्याला मान्य झाल्याचे मला आठवत नाही.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ हे टाइम्स ऑफ इंडिया समूहाचे प्रकाशन. मार्च १९६४ मध्ये सुरू झाले, १९९० मध्ये बंद पडले. त्या काळात आठशेहून अधिक अंक निघाले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एका माणसाचे होते. लीफॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वर्तमानपत्रातील चित्रपट्टीसाठी निर्माण केलेला ‘फँटम’. मुखवटा, घट्ट कपडे, बोटात कवटीची अंगठी. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी मारलेल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, ती पिढ्यान्‌पिढ्या चालवणारे घराणे, आणि मुलगा बापाची जागा घेत असल्याने ‘हा मरतच नाही’ अशी जंगलभर पसरलेली समजूत. मराठीत तो झाला महाबली वेताळ.

या एका भाषांतराबद्दल मला समितीपुढे बोलायचे होते. मराठी मुलाच्या डोक्यात त्या वेळी दोन वेताळ आधीच नांदत होते. एक गावकुसाबाहेरचा, शेंदूर फासलेला, भुतांचा राजा. त्याच्या नावाने आजी दटावायची. दुसरा विक्रमाच्या खांद्यावरचा, चांदोबाच्या पानात दर महिन्याला झाडावरून उतरणारा, कोडे घालणारा आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणारा. चांदोबा मराठीत १९५२ पासून येत होता, तेव्हा हा वेताळ आमच्या आधीच्या पिढीलाही ठाऊक होता. आता तिसरा आला, जांभळ्या कपड्यांतला, पिस्तूल बाळगणारा. ज्याने कुणी त्याचे हे बारसे केले, त्याला भाषांतराची पदविका नव्हती आणि त्याचे नावही अंकावर छापलेले नसे. पण मरण नसलेला, अंधारात वावरणारा, ज्याची भीती हेच ज्याचे शस्त्र आहे अशा पात्रासाठी त्याने परक्या भुताला देशी दैवताच्या शेंदराचा हात लावला. ‘छाया’, ‘भूत’, ‘प्रेत’ असे कितीतरी शब्द हाताशी होते. ‘वेताळ’ म्हणताच एका अमेरिकन माणसाच्या पाठीशी हजार वर्षांची कथापरंपरा उभी राहिली. भाषांतर-अभ्यासाच्या तासाला आपण देशीकरणावर टिपणे देतो. त्यांत हे उदाहरण का नसते?

प्रकाशकाने आणखीही फेरफार केले. मूळ कथांतले जंगल ‘बेंगाली’ नावाच्या प्रदेशात होते आणि चाचे ‘सिंग’ नावाचे होते. भारतीय वाचकाला ही नावे टोचतील, हे ओळखून प्रदेशाचे ‘डेंकाली’ झाले आणि चाच्यांचे ‘सिंगा’. म्हणजे गोरा माणूस आमच्यावर राज्य करतो आहे हे दिसू नये म्हणून नकाशा हलवला. गोरा माणूस मात्र तिथेच राहिला. याची मला आज लाज वाटते का? थोडी वाटते. कवट्यांच्या सिंहासनावर बसलेला एक गोरा, त्याच्याभोवती हात जोडून उभे असलेले काळे बुटके आदिवासी, आणि त्यांचे भले कशात आहे हे त्यांच्याहून त्यालाच अधिक कळते असा एकंदर थाट. मांड्रेकच्या कथांत तर आफ्रिकी जमातींचा राजपुत्र असलेला लोथार जादूगाराचे सामान उचलतो. ज्या मराठवाड्याने सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवटीचा शेवट पाहिला, त्याच मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नातवंडे १९८५ साली टपरीच्या फळीवर बसून डेंकालीच्या अनभिषिक्त राजाच्या बाजूने होती. हा विरोधाभास कुणीतरी उलगडायला हवा. ‘यात वाङ्मय कुठे आहे’ असे विचारणारे तो उलगडणार नाहीत, आणि ‘किती छान दिवस होते’ म्हणणारेही नाहीत. १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर हा देशी नायक त्याच ‘इंद्रजाल’मध्ये आणला. जीन्सवर कुर्ता घालणारा, दरोडेखोरांशी लढणारा, दरोडेखोराचाच मुलगा. विचारांनी तो आम्हाला जवळचा वाटायला हवा होता. पण खरे सांगायचे तर टपरीवर बहादूरचे अंक सहज मिळत आणि वेताळाच्या अंकासाठी नंबर लावावा लागे.

आता शेजारच्या घराकडे वळतो. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा माझा मित्र उर्दू माध्यमाच्या शाळेत जात असे. त्याच्या अब्बांच्या लाकडी कपाटात इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’चे अंक होते. १९५२ साली अलाहाबादेत ही मालिका सुरू झाली. लेखक त्याच वर्षी पाकिस्तानात गेला, पण त्याच्या कादंबऱ्या दोन्हीकडे निघत राहिल्या. १९८० मध्ये तो वारला. कर्नल फरीदी हा करारी गुप्तहेर आणि कॅप्टन हमीद हा त्याचा खट्याळ साहाय्यक. मित्र रात्री अब्बांकडून ऐकलेले दुसऱ्या दिवशी गच्चीवर मला सांगे, आणि मी त्या बदल्यात त्याला वेताळ सांगे. देवघेव चोख होती. एक प्रकरण त्याचे, एक अंक माझा.

एके दिवशी रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून मामाने मला एक हिंदी कादंबरी आणून दिली. मुखपृष्ठावर इब्ने सफीचेच नाव, गोष्ट ओळखीची, हमीदही जागेवर. पण कर्नल फरीदीच्या जागी कर्नल विनोद! मी धावत गच्चीवर गेलो. आमचे कडाक्याचे भांडण झाले. तो म्हणे, खरा फरीदी; विनोद ही चोरी आहे. मी म्हणे, छापील पुस्तकात काय खोटे लिहितील? शेवटी अब्बांकडे फिर्याद गेली. त्यांनी दोन्ही पुस्तके मांडीवर ठेवली, बराच वेळ पाहिली आणि सांगितले की माणूस एकच आहे. हिंदी वाचणारे त्याला विनोद म्हणतात, उर्दू वाचणारे फरीदी. इम्रान नावाचा त्यांचा दुसरा नायकही तिकडे राजेश होतो. ‘‘लेकिन चोर दोनों में वही पकड़ा जाता है,’’ एवढे बोलून ते नमाजाला गेले.

संहिता, पाठभेद, वाचकसमूह, ही सारी परिभाषा मी पुढे एम.ए.ला शिकलो. पण लिपी बदलताच नायकाचा धर्म बदलतो आणि गोष्टीचा एक धागाही हलत नाही, हे मला दहाव्या वर्षी त्या गच्चीवर कळले होते. प्रकाशकाने ते का केले असावे, हे तर त्या गच्चीवरच्या दोघांनाही न सांगता समजले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे पाहिलेल्या शहरात नावाचा प्रश्न कधीच नुसता नावाचा नसतो, हे येथल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. इब्ने सफीवर अलीकडे इंग्रजीत आणि उर्दूत गांभीर्याने लिहिले जाऊ लागले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायला लावले, पण आमच्या वाङ्मयेतिहासात ते आजही एखाद्या परिच्छेदापुरतेच येतात. तोही बहुधा ‘रंजनपर’ या विशेषणापाशी संपतो. जणू रंजन करणे ही सोपी गोष्ट आहे, आणि ते न करता आल्यामुळेच काही लेखक गंभीर झाले!

असो.

‘फास्टर फेणे’बद्दल लिहिताना मला जपून लिहावे लागेल, कारण तिथे माझा स्वतःचाच पक्षपात आडवा येतो. भा. रा. भागवत (१९१० ते २००१) हे माझ्या मते मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या गद्यलेखकांपैकी एक आहेत. ‘मुलांचे लेखक’ हे शेपूट मी मुद्दाम लावलेले नाही. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला तो असा की व्हर्न फ्रेंच होता हे कळल्यावर मला फसवले गेल्यासारखे वाटले होते. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत अंगाचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल हाणणारा, जिभेने ‘ट्टॉक’ करणारा. भागवतांच्या वाक्याला त्याच्या सायकलचा वेग असे. वळणावर ब्रेक नाही, पण तोलही जात नाही. राम वाईरकरांच्या रेषेने त्या वेगाला शरीर दिले. हा मुलगा १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या धामधुमीतही जाऊन पोचतो आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही.

पण एक गोष्ट पुण्या-मुंबईचे स्मरणरंजक कधी बोलत नाहीत. माझ्यासाठी पुणे आणि डेंकाली ही दोन्ही ठिकाणे सारखीच दूर होती. डेक्कन, लकडी पूल, पर्वती ही नावे मी ‘कवटीची गुहा’ हे नाव वाचावे तशीच वाचली. बनेश ज्या सहजतेने बोलतो, ती बोली आमच्या घरात कुणी बोलत नव्हते. आमच्याकडे ‘करायलो’, ‘जायलो’ चाले आणि शाळेत त्याबद्दल छडी मिळे. ‘आपला’ नायक म्हणून जो आम्हाला दिला गेला, तो माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलासारखा नव्हता. फुरसुंगी हे खेडे असले तरी पुण्याच्या पायथ्याचे. जालना, परभणी, बीड, लातूर इथून एखादा पोरगा सायकलवर निघाला आणि त्याने चोर पकडला, असे मी तेव्हा कुठे वाचले नाही. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून ‘बालभारती’ने काढले आणि ते आमच्या शाळेपर्यंत पोचले, हे मोठेच उपकार. पण साहसाचा भूगोल फारसा बदलला नाही. भागवतांवर हा आक्षेप नाही. त्यांनी आपल्या परिसरातून लिहिले, तेच लेखकाने करायचे असते. आक्षेप आहे तो आमच्याकडच्या लेखकांवर. ‘प्रतिष्ठान’सारखे नियतकालिक ज्या शहरातून निघाले, १९६७ पासून गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने जिथून मराठी साहित्याला नवे भान दिले, त्या शहरात मोठ्यांसाठी एवढे मोलाचे लिहिले गेले, दहा वर्षांच्या पोरासाठी लिहायला मात्र कुणाला कमीपणा वाटला. २०१७ साली ‘फास्टर फेणे’वर चित्रपट आला. अमेय वाघचा बनेश वयाने वाढलेला होता आणि दिलीप प्रभावळकर साक्षात भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर वावरले. ही दुसरी कल्पना मला फार आवडली. निर्मात्यांत लातूरच्या रितेश देशमुखांचे नाव पाहून उगाचच बरे वाटले. मराठवाड्याचा फेण्याशी एवढा तरी संबंध आला!

दूरदर्शनबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळांनी पुष्कळ अश्रू ढाळले आहेत. आमच्या शहरात तर ‘टी.व्ही. सेंटर’ नावाची वस्तीच आहे आणि रिक्षावाला त्या नावाने कुठेही सोडतो. फक्त १९९३ च्या ‘मोगली’कडे लक्ष वेधतो. इंग्रज लेखकाने मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलावर लिहिलेली गोष्ट, जपानी चित्रकारांनी रंगवलेली, हिंदीत गुलजारांच्या गीतासह आलेली, आणि तिच्यातल्या शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा! ‘शुद्ध आपले’ असे बालवाङ्मय शोधणाऱ्यांनी या वाघाची वंशावळ एकदा मांडून पाहावी.

विज्ञानकथेचे प्रकरण निराळे आहे, कारण तिला प्रतिष्ठा मिळाल्याचे आपण मानतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर हाती लागतात. नावामुळे निर्णय बदलू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठवली. हा किस्सा आपण त्यांच्या विनयाचा म्हणून सांगतो. मला तो वाचकांच्या परीक्षेचा वाटतो. त्या परीक्षेत स्पर्धेचे परीक्षक उत्तीर्ण झाले. कथा कुणाची हे न कळता त्यांनी ती निवडली. पुढच्या पन्नास वर्षांत वाङ्मयव्यवहार मात्र उत्तीर्ण झाला असे मला वाटत नाही. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण तो मान खगोलशास्त्रज्ञाला होता, की ‘यक्षांची देणगी’ लिहिणाऱ्या कथाकाराला? ते केवळ कथाकार असते, एखाद्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवणारे खरेखुरे नारायण विनायक जगताप असते, तर त्यांना त्या मांडवात कितव्या रांगेत खुर्ची मिळाली असती? २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा आलेल्या मृत्युलेखांत त्यांच्या विश्वरचनाशास्त्राला आणि साधेपणाला भरपूर जागा होती. त्यांच्या कथेची रचना, तिचे निवेदन, तिच्या मर्यादा यांवर लिहिणारा लेख मला शोधावा लागला.

समितीच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. वाङ्मय कुठे आहे? माझे उत्तर असे, की ते आपल्याच जिल्ह्यात आहे. एसटीने दीड तासाच्या अंतरावर.

सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला गेला. त्यातल्या वेतालकथांचा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. उज्जैनचा विक्रम नंतरच्या परंपरेने अधिक रूढ केला. सोमदेवाच्या पाठात खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा पैठणचा आहे. म्हणजे आजीचा वेताळ, चांदोबाचा वेताळ आणि टपरीवरचा वेताळ यांतला किमान एक तरी थेट आमच्या जिल्ह्याचा रहिवासी निघाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘वेताळपंचविशी’ मराठीत छापली. मराठी मुद्रित गद्य तेव्हा रांगत होते. वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या घटकात आम्ही ते नाव विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. त्यातला वेताळ वाङ्मय. जांभळा वेताळ माती.

गुणाढ्याची कथा तर आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. सातवाहन राजाला संस्कृत येईना. जलक्रीडेत राणीने ‘पाणी उडवू नका’ म्हटले, त्याने मोदक मागवले आणि हसे झाले. त्याला व्याकरण किती दिवसांत शिकवता येईल यावरून दरबारात पैज लागली. ती हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याच्या अरण्यात जाऊन पैशाची भाषा शिकली आणि शाई नव्हती म्हणून रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. ती राजाकडे पाठवली. भाषा भुतांची, लिहिलेली रक्ताने. दरबाराने ती परत धाडली. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्याने वाचून त्यात टाकायला सुरुवात केली. अरण्यातले पशू चारा सोडून, डोळ्यांत पाणी आणून भोवती बसले. पशू वाळले, म्हणून राजाच्या ताटातले मांस वाळले, म्हणून राजा आजारी पडला, आणि तेव्हा कुठे चौकशी होऊन तो धावत आला. सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले.

समितीत बसून मला ही कथा आठवली नाही. ती घरी येऊन, हात धुताना आठवली.

या शहराच्या उत्तरेला, विद्यापीठामागच्या डोंगरात, औरंगाबादची लेणी आहेत. मुलगा असताना आम्ही त्यांतल्या एकीला कवटीची गुहा ठरवले होते आणि वटवाघळांच्या वासात वेताळाची शपथ घेतली होती. तिथल्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे. मध्ये उभा बोधिसत्त्व आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी. आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसे हात जोडून हाक मारतात आणि तो येतो. आठ चौकटी, एक तारणहार, शब्द एकही नाही. त्या शिल्पामागे मोठी श्रद्धा आणि तत्त्वज्ञान आहे, त्याला मी कॉमिक्सच्या पंगतीला बसवत नाही. पण चौकटीमागून चौकट वाचत जाण्याची सवय आमच्या डोळ्याला आधी टपरीवर लागली. म्हणून त्या दगडापुढे आम्ही शाळकरी पोरे इतर पर्यटकांपेक्षा जास्त वेळ उभे राहायचो, हे मात्र साक्षीपुराव्याने सांगू शकतो.

ती टपरी कधीच गेली. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. शिवलेली बाडे किलोवर गेली असणार. वेताळाचे मराठी अंक सलग पाहायला मिळावेत असे एखादे सार्वजनिक ग्रंथालय मला या भागात अजून सापडलेले नाही. जे आहे ते हौशी संग्राहकांकडे, आणि एकेका अंकाच्या किमती आता आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत.

गेल्या महिन्यात मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. तिचा दुसरा प्रबंध निम्म्यावर आला आहे, मार्गदर्शक समाधानी आहेत. पहिल्या विषयाची सूची कुठे आहे, असे विचारल्यावर ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘‘सर, तुम्हाला हवी आहे का? मला वाटलं, त्या दिवशी तुम्हालाही ते पोरकट वाटलं असेल.’’ दोन दिवसांनी ती पुठ्ठ्याची पेटी घेऊन घरी आली. शहात्तर अंक. प्रत्येकाला प्लॅस्टिकचे वेष्टन, आत एक चिठ्ठी, कुणाकडून मिळाला, कुठल्या गावी, किती पाने गहाळ. पैठण, गंगापूर, सेलू, अंबाजोगाई. काही अंकांवर जुन्या मालकांनी निळ्या शाईने नावे घातली आहेत, काहींवर एकाचे नाव खोडून दुसऱ्याचे. एका बाडाला दाभणाची शिवण होती. मी ते उघडून तिसऱ्या गोष्टीपर्यंत गेलो. शेवटचे पान नव्हते. पण पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलने, कच्च्या अक्षरात, चार ओळींत शेवट लिहून ठेवला होता.

अक्षर माझे नव्हते. शेवटही मला मान्य नव्हता.